वाड्याला माती नव्हे, पाणी खातं

पावसाळा आला की आमच्या वाईत एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो: ‘जुने वाडे मातीचे, त्यांचं आयुष्य संपलं. सिमेंटचा गिलावा द्या, नाहीतर पाडून टाका. वारसा यादीत नाव गेलं तर खिळाही ठोकता येणार नाही.’ दरवर्षी वाचून जीव तुटतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मातीचे? आतल्या मजल्यांचा भार बहुतेक सागवानी खांब आणि तुळयांवर असतो. 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती ढासळून माणसं गेली, हे खरंच आहे. भिंती मजबूत करायलाच हव्यात. पण त्याच गावांत लाकडी खणांचे कितीतरी सांगाडे उभे राहिले होते.

आयुष्य संपलं म्हणणाऱ्यांनी तीन किलोमीटरवर मेणवलीला जावं. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा अठराव्या शतकापासून उभा आहे.

सिमेंटचं मात्र मी घरात भोगलंय. माजघराच्या भिंतीला ओल आली म्हणून गवंड्याकडून सिमेंटचा गिलावा करून घेतला. दुसऱ्याच पावसाळ्यात टिचकी मारली की तो पोकळ वाजायला लागला. फोडला तर हातभर पापुद्रा सुटून आला. मागची माती बोटानं कोरता येत होती आणि भिंतीत गेलेल्या तुळईच्या टोकाचा भुसा झाला होता. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं.

मुळात ओल येते वरून. एक कौल सरकतं, पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं. उन्हाळ्यात कौलं चाळून घेतली तर निम्मं दुखणं टळतं. पण उताऱ्यावर पंधरा नावं, निम्मे पुण्या-मुंबईला, खर्च कुणी करायचा यावर भाऊबंदकी. वाडा पडतो तो या भांडणात, आणि दोष जातो मातीला.

राहिला खिळा. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, पण तिथल्या जुन्या घरांचीही दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. मग वारसा यादीतल्या वाड्याच्या डागडुजीला बंदी येते कुठून?

आमच्या तुळईचं कुजकं टोक कापून सागाचा जोड दिला, भिंत चुन्यानं पुन्हा गिलावली. यंदा श्रावण सरला तरी माजघर कोरडं आहे.