पिस्त्याच्या बागेत मधमाश्या कशाला?

'परागीभवनासाठी बागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवा' हा पिस्ता लागवडीवरच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. पिस्त्याच्या मादी फुलाला ना पाकळ्या ना मधुरस, माशी तिकडे फिरकेल कशाला? सगळी भिस्त वाऱ्यावर. नराच्या तुऱ्याला टिचकी मारली की पिवळी पूड उडते, तीच मादीपर्यंत पोचायला हवी. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत वारा कुठून वाहतो ते बघूनच नरझाडांच्या जागा लावणीआधी ठरवायच्या.

आणि 'केरमनसोबत पीटर्स लावा', म्हणजे केरमन या मादी जातीसोबत पीटर्स ही नर जात, एवढ्यावर लेख थांबतो. हिवाळा पुरेसा थंड नसला की पीटर्स मागे पडतो, दोघांचा फुलोरा जुळत नाही. २०१५ साली कॅलिफोर्नियात उबदार हिवाळ्यानंतर टरफलं लागली, पण कित्येकांत गरच नव्हता. लवकर फुलणारे थोडे नरही कलमं मागवतानाच सांगून ठेवावेत.