बोटांच्या ठशांत गणित नसतं

ताईने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकलाय, तो तुमच्याकडेही आलाच असेल. दहा बोटांचे ठसे द्या, मुलाचा जन्मजात मेंदू ओळखा. डावा की उजवा, आठांपैकी कोणती बुद्धिमत्ता, दहावीनंतर कोणती शाखा, सगळं 'शास्त्रशुद्ध'. डीएमआयटी म्हणतात त्याला. ताईने साडेतीन हजार भरून रिपोर्टही आणला. आणि सातवीतला भाचा चोपड्याहून फोनवर म्हणतो, "मामा, मन्हा बोटस्मा गणित नही शे." तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

म्हणे एकेक बोट मेंदूच्या एकेका भागाला जोडलेलं असतं. धादांत खोटं. गर्भात त्वचा आणि मेंदू एकाच थरातून घडतात, डाऊन सिंड्रोममध्ये तळहाताच्या रेषा वेगळ्या दिसू शकतात, एवढं मान्य. पण तिथून सातवीच्या गणितापर्यंत कोणता रस्ता जातो? ठसे बाळ पोटात असतानाच ठरतात आणि जन्मभर तेच राहतात. पोरगं रोज शिकतंय त्याचं काय? इंडियन सायकियाट्रिक सोसायटी ही देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांची संघटना. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, हे तिने जाहीर सांगितलंय.

डावा-उजवा मेंदू? 2013 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने हजारावर लोकांचे मेंदू स्कॅन करून पाहिले. एकच बाजू जोरात चालणारा माणूस सापडला नाही. आठ बुद्धिमत्ता मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या, पण त्यांच्या सिद्धांतात ठशांचा काही संबंध नाही.

खरा राग वेगळाच आहे. मुलाला मोजायची चाचणी आली कशासाठी? पॅरिसमध्ये 1905 साली मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी ती केली, ती कोणत्या मुलाला जास्त मदत लागेल हे कळावं म्हणून. बुद्धी ठरलेली असते, वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांना बिने यांनी 1909 मध्येच कडाडून विरोध केला होता. सव्वाशे वर्षं होत आली, आणि आपण मदतीऐवजी पोराच्या हातात शिक्का देतोय. तो शिक्का पोरगं खरा मानतं, ताई. 'मला येत नाही' आणि 'माझ्यात नाहीच' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गेल्या दिवाळीत केळीची गाडी भरताना हाच पोरगा माझ्या शेजारी उभा होता. व्यापारी कॅल्क्युलेटर शोधतोय, तोवर हा बोलून मोकळा: "बाराशे घड, अठराची रास, दोनशे सोळा क्विंटल." रास म्हणजे एका घडाचं सरासरी वजन, किलोत. कागद नाही, पेन नाही.

त्याचं अडतं ते अपूर्णांकांत. चौथीत काविळीने दीड महिना घरी होता, तेव्हा ते राहून गेले आणि नंतर कुणी परत शिकवले नाहीत. ताई, तो रिपोर्ट त्याच्या समोरून आजच काढ. सुट्टी लागली की पोराला माझ्याकडे पाठव, वही घेऊन. पाव, अर्धा, पाऊणपासून सुरू करू.