मीठ टाकल्याने घाणेरी मरत नाही

घाणेरी (टणटणी, लँटाना) जमिनीलगत छाटून बुंध्यावर खडेमीठ टाकलं की ती कायमची जाते, असा संदेश सध्या फिरतोय. तसं होत नाही. नवे फुटवे खोड आणि मूळ जुळतं त्या गाठीतून येतात, आणि ती बहुधा मातीखाली असते. मिठाने मात्र माती खारावते, मग तिथे दुसरं काही लावणंही अवघड.

पहिल्या पावसानंतर, माती मऊ असताना, बुंध्याभोवती उकरून सोटमूळ ३ ते ५ सेंमी खाली कुदळीने तोडा. झुडूप उलटं करून वाळत ठेवा. ओल्या मातीला टेकलेल्या फांद्याही मुळं धरतात. हिरवा-काळा फळांचा घोस आधीच काढून पिशवीत भरा. पाला शेळ्या-गुरांपुढे टाकू नका, विषारी आहे. पुढचे दोन पावसाळे रोपं उपटावी लागतील, कारण बुलबुल बिया आणत राहतात.

तिच्या जागी कुंपणाला निर्गुडी किंवा अडुळसा लावा, दोन रोपांत दोन-अडीच फूट ठेवून. दोन्हींच्या फांद्या सहज लागतात. फुलपाखरांसाठी कोरांटी, उन्हाच्या खडकाळ जागी धायटी. नर्सरीतल्या ‘निर्बीज’ रंगीत लँटानावरही विसंबू नका; तिचे परागकण रानटी झुडपांपर्यंत पोचून तिथे बी धरू शकतं.