झाडं कुणाकडे ठेवायची?

कुत्र्यांसाठी हल्ली वसतिगृहं निघाली आहेत. मांजर आपली सोय आपण बघतं. मुलांना मागच्या सीटवर कोंबता येतं. पण मे महिन्यात आठ-दहा दिवस गावाला जायचं ठरलं आणि घरात पश्चिमेची बाल्कनी भरून कुंड्या असल्या, की लक्षात येतं: आपण दोन संसार थाटलेत आणि त्यातला एक गाडीत मावत नाही.

पुण्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. आमच्या बाल्कनीत दुपारी ऊन शिरतं ते सूर्य बुडेपर्यंत हलत नाही. प्लास्टिकच्या कुंडीतली ओल कशीबशी दिवसभर पुरते. मातीच्या कुंडीला अंगभर घाम येतो, त्यामुळे ती त्याआधीच कोरडी. पुदिन्याला सकाळी पाणी चुकलं तर अकराच्या सुमारास तो मान टाकतो, आणि तांब्याभर पाणी घातलं की थोड्या वेळात काही झालंच नाही अशा थाटात उभा. नाटकी जात. मोगरा, जास्वंद, तुळस, गवती चहा यांचेही आपापले मानपान आहेत.

आणि कढीपत्ता. त्याच्याबद्दल आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याच्यावरूनच सगळं झालं. आमचा कढीपत्ता म्हणजे एक काठी आणि तिच्या टोकाला पानांचा झुपका. वर्षानुवर्षं एवढंच. घरी येणारा प्रत्येक माणूस बाल्कनीत डोकावून म्हणायचा, "आंबट ताक घाला." मी ताक घालत होते. घरातल्या माणसांना ताक मिळेना, पण कढीपत्त्याचा वाटा चुकला नाही. फोडणीसाठी पानं खुडताना जपून, खालून, एकेक पान. झुपक्याला कुणी हात लावायचा नाही, असा घरात नियमच होता.

तर पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न. इंटरनेटवर बाटलीचा उपाय फार लोकप्रिय आहे. बुचाला भोक पाडायचं, बाटली पाण्याने भरायची, कुंडीत उलटी रोवायची, निर्धास्त गावाला जायचं. व्हिडिओतली बाई गोड हसते आणि व्हिडिओ संपतो. बाटली कधी संपते ते कुणी दाखवत नाही. माती भुसभुशीत असेल तर तासाभरात संपते. माती घट्ट असेल तर भोकात चिखल बसतो आणि आठ दिवसांनी बाटली जशीच्या तशी भरलेली मिळते, शेजारी वाळलेलं झाड.

मग नवऱ्याने सूत्रं हातात घेतली. तो इंजिनिअर आहे, त्यामुळे घरातली कुठलीही गोष्ट त्याला सोपी वाटते. बादलीत पाणी भरायचं, त्यात सुती दोरीचं एक टोक बुडवायचं, दुसरं टोक कुंडीच्या मातीत. दोरी पाणी शोषून हळूहळू मातीला पाजत राहते. समईतली वात तेल ओढते तेच तत्त्व, केशाकर्षण. सुती दोरी पाणी चांगलं ओढते, म्हणून ती सुती हवी. घरात शुद्ध सुती असं काय आहे, याचा शोध माझ्या परकराच्या नाड्यांपाशी थांबला. नवीन आणलेलं नाड्यांचं अख्खं बंडल कामी आलं.

भर दुपारी चाचणी घेतली. बादली उंच स्टुलावर, खाली अर्धवर्तुळात कुंड्या, मधे नाड्या. काही नाड्या मातीतून निसटून नुसत्याच लोंबत होत्या, पण तपशिलात कोण शिरतं? आम्ही आत जाऊन झोपलो. आता, बादलीतल्या पाण्याच्या पातळीखाली दोरीचं टोक लोंबत असेल तर पाणी ठिबकायला लागतं ते ठिबकतच राहतं. चारच्या सुमारास बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या वहिनी, हातात एक कुरडई. भिजलेली. मे महिना, वाळवणाचे दिवस. त्यांच्या बाल्कनीत प्लास्टिकच्या कागदावर ताज्या कुरडया उन्हाला घातल्या होत्या आणि आमच्या कुंड्यांमधलं तपकिरी पाणी त्यांच्यावर टपटपत होतं. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. वहिनी यातलं काहीही बोलल्या नाहीत. कुरडई आमच्या टीपॉयवर ठेवली आणि गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

उपाय वाईट नाही बरं का. बादली कुंड्यांच्याच पातळीवर ठेवा, दोरीचं टोक मातीत चांगलं खोल गाडा आणि मधला भाग जुन्या नळीत घाला, म्हणजे तो उन्हाने सुकत नाही. पण आमच्या घरात त्या दिवसापासून नाडी हा शब्द काढायची सोय राहिली नाही.

पुढची सूचना कुंड्यांखालच्या ताटल्या पाण्याने भरून ठेवण्याची. ती मी जागीच मारली. पालिकेचे लोक तपासणीला येतात ते काय सगळ्यात आधी उचलून बघतात? कुंडीखालची ताटली. डेंग्यूच्या डासाला असंच साठलेलं स्वच्छ पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो. म्हणजे आम्ही आंबे खाऊन परत येईपर्यंत इथे एक पिढी कर्तीसवरती झाली असती.

मला सुचलं ते माळ्यावर. संक्रांतीची सुगडं. दर वर्षी पूजा होते, हरभरे-बोरं-उसाचे करवे खाऊन होतात, आणि रिकामी सुगडं टाकून द्यायचा धीर होत नाही म्हणून माळ्यावर जातात. न रंगवलेलं सुगड कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचं आणि पाण्याने भरायचं. भाजल्या मातीतून पाणी पाझरतं. बाहेरची माती कोरडी झाली की ती जास्त ओढून घेते, ओली असली की ओढत नाही. शेतात मडकं पुरून झाडं जगवतात ती हीच युक्ती. हल्ली ऑइलपेंट आणि चमकी लावलेली सुगडं मिळतात ती मात्र यासाठी कुचकामी, रंगाने छिद्रं बुजतात. तोंडावर झाकण हवं, नाहीतर पुन्हा डास. झाकणाला दिवाळीतल्या पणत्या अगदी मापात बसल्या. एकाच कुंडीत संक्रांत आणि दिवाळी पाहून मला फार बरं वाटलं. फक्त एकच अडचण: सुगडात पाणी मावतं जेमतेम वाटीभर. पुदिन्याची एक दिवसाची चैन. नवरा कसब्यातल्या कुंभारवाड्यात जाऊन मोठ्या कुंड्यांसाठी छोटी मडकी घेऊन आला. ती पुरायला खड्डा केला तर मोगऱ्याची मुळं वर आली. आधीच कुंडी भरून मुळं असलेल्या झाडात मडकं घालायला जागाच नसते. हे रोप लावतानाच करायचं काम.

शेवटी जे खरोखर उपयोगी पडतं आणि ज्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही ते केलं. सगळ्या कुंड्या उन्हातून ओढून हॉलच्या उजेडाच्या कोपऱ्यात दाटीवाटीने ठेवल्या. मातीवर नारळाच्या शेंड्या पसरल्या, त्यासाठी पंधरा दिवस घरात नारळाशिवाय भाजी झाली नाही. ऊन गेलं आणि माती झाकली की पाण्याची भूक पुष्कळ कमी होते. कुंड्या ओढताना नवऱ्याच्या कंबरेत उसण भरली, पण ते चालायचंच.

तरीही मधे कुणीतरी पाणी घालायला हवंच होतं. समोरच्या आजी म्हणाल्या, "मी घालते की. त्यात काय एवढं?" मी फुलस्केपभर सूचना लिहिल्या. मोगऱ्याला रोज तांब्याभर. मनी प्लँटला बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा, ओल लागली तर नको. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतोय तो पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारा. कढीपत्त्याच्या झुपक्याला हात लावू नये, हे लाल शाईत. आजींनी कागद लांब धरला, जवळ धरला. "चष्मा घरी आहे. निघा तुम्ही."

कुंभार्ली घाटात नवऱ्याला आठवलं की आपला टूथब्रश बाथरूममध्येच राहिला.

गुहागरला सासरी झाडं वाढवायला काही लागत नाही. ती आटोक्यात ठेवायला कोयती लागते. न्हाणीच्या सांडपाण्यावर सासूबाईंचा कढीपत्ता कौलांपर्यंत गेलाय, त्याला बघून मी मान फिरवली. तिसऱ्या दिवशी फोन केला.

"आजी, मोगरा कसा आहे?"

"छान. देवाला रोज ओंजळभर निघतो."

"जास्वंद?"

"ते पांढरं होतं ना, ते मी ब्रशने घासून काढलं सगळं. मुंग्याही गेल्या."

"कुठल्या ब्रशने?"

"बाथरूममध्ये होता तो."

उपाय बरोबर होता. पिठ्या ढेकणावर मेणचट आवरण असतं, फवारा त्यावरून ओघळून जातो. जुन्या ब्रशने आधी खरवडलेलं केव्हाही चांगलं. ब्रश जुना होता की नव्हता, यावर नवऱ्याचं मत वेगळं आहे.

"आणि कढीपत्ता?" मी विचारलं.

आजी क्षणभर थांबल्या. "आहे," म्हणाल्या.

त्या 'आहे'ने माझी गुहागरची झोप उडवली.

परत आलो तर सगळं हिरवंगार. तुळशीच्या मंजिऱ्या खुडलेल्या, पुदिना उभा, मनी प्लँटला नवं पान. आणि कोपऱ्यात एक काठी. झुपका नाही, शेंडा नाही, काही नाही. आजींनी वरणाला, चिवड्याला आणि नातवाच्या सांबाराला मिळून तो शेंड्यासकट मोडून नेला होता. "पानं काय एकेक खुडायची असतात होय?" त्यांनी मलाच विचारलं. "देठासकट तोडायचा. आणि ताक कशाला घालतेस त्याला? मला देत जा, मी कढी करीन."

मी काही बोलले नाही. टीपॉयवरची कुरडई आठवली आणि न बोलण्याची ताकद मला तेव्हा समजली.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि मोडलेल्या जागेच्या खाली बारीक हिरवे टिपके दिसले. मग त्यांचे फुटवे झाले, चार बाजूंना चार. शेंडा असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही, तिथून उतरणारा रस त्यांना दाबून ठेवतो. शेंडा गेला की सगळे एकदम डोकं वर काढतात. हे मला पुस्तकात वाचून पाठ होतं. तुळशीचा आणि मोगऱ्याचा शेंडा मी दर वर्षी न चुकता खुडते. कढीपत्त्याच्या बाबतीत माया आड आली.

आता आजींच्या खिडकीच्या जाळीत श्रीखंडाच्या डब्यांची रांग लागलीय. तापवलेल्या खिळ्याने बुडाला भोकं पाडून त्यात माझा पुदिना, माझा गवती चहा, माझा मनी प्लँट, आणि मोगऱ्याच्या पावसाळ्यात लावलेल्या फांद्या. सगळं जगलंय. खत विचारलं तर म्हणतात, तांदूळ धुतलेलं पाणी.

चावी मात्र त्यांच्याकडेच राहिली, आणि परत मागायची कशी ते मला अजून सुचलेलं नाही. परवा ऑफिसची मीटिंग चालू होती, कॅमेरा सुरू, साहेब तिमाहीचे आकडे वाचत होते. मागे दाराचं कुलूप खटकन उघडलं. आजी माझ्या पाठीमागून, पूर्ण पडद्यावर दिसतील अशा, बाल्कनीत गेल्या आणि हातात दोन काड्या घेऊन परत निघाल्या. साहेब वाचायचे थांबले. मी उठायला लागले तशा आजी म्हणाल्या, "बस गं तू, बस. माझं तेल तापलंय."