साचे, कॅमेरा आणि मराठी माध्यमाची मुलं : एका सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

परदेशी शिकायला जाण्यासाठी लागणाऱ्या, घरून देता येणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षांवर (ड्युओलिंगो, टोफेल वगैरे) मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही मोठी आणि कडक प्रतिक्रिया दिलीत. तिच्यातला राग मुलांच्या काळजीपोटी आलेला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तुम्ही मराठवाड्यात तालुक्याच्या गावी क्लास घेता. 'साचे (म्हणजे कुठल्याही प्रश्नाला चिकटवायची तयार उत्तरं) पाठ करू नका' हा माझा सल्ला पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना परवडतो, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला साचा दिला नाही तर तो कॅमेऱ्यासमोर गप्प बसून येतो. शिवाय 'घरून परीक्षा द्या' म्हणणाऱ्यांनी दोन खोल्यांत सहा माणसं राहतात ती घरं पाहिलेली नसतात. आणि नुसतं काय करू नका ते सांगण्यापेक्षा काय करायचं ते सांगा.

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली आहे आणि माझ्याकडे येणारी बहुतेक मुलंही तशाच शाळांतली असतात. साच्याबद्दलचं माझं मत याच मुलांकडे बघून झालंय. साच्याचा सर्वात जास्त तोटा त्यांनाच होतो, असं मला ठामपणे वाटतं.

आधी परीक्षा कुठे चालल्यात ते बघू. ड्युओलिंगोच्या परीक्षेत २०२५ मध्ये संवादाचा नवा भाग आला. पडद्यावरचं पात्र प्रश्न विचारतं, आपण काही सेकंदांत उत्तर द्यायचं, की लगेच पुढचा प्रश्न. टोफेल २१ जानेवारी २०२६ पासून बदलली. बोलण्याच्या विभागात आता ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायचं असतं आणि मुलाखतीसारख्या प्रश्नांना तयारीला वेळ न घेता उत्तरं द्यायची असतात. 'उताऱ्यात असं म्हटलंय, प्राध्यापक मात्र तसं म्हणतात' या धर्तीचे साचे ज्या मुलांनी महिनोन्‌महिने घोकले, त्यांची मेहनत एका दिवसात वाया गेली. पीटीई या अशाच परीक्षेनेही ऑगस्ट २०२५ पासून साचेबंद उत्तरं पकडण्यासाठी माणसांकडून तपासणी वाढवली. आयेल्ट्स या परीक्षेचे लेखनाचे निकष तर जाहीरच आहेत. पाठ केलेल्या भाषेचा उल्लेख त्यात अगदी खालच्या बँडच्या (गुणांच्या पायरीच्या) वर्णनात येतो, आणि सगळंच उत्तर पाठ केलेलं आहे हे सिद्ध झालं तर शून्य बँड. या सगळ्या संस्था एकाच दिशेने निघाल्यात. मूल घोकलेलं बोलतंय की स्वतःचं, हे त्यांना ओळखायचंय.

घरून दिलेल्या परीक्षेत आणखी एक गोष्ट आहे. आपली मुलं पाठ केलेलं आठवताना वर बघतात. कवितापाठात आपण सगळेच बघायचो, छताकडे किंवा खिडकीकडे. ड्युओलिंगोत नजर पडद्यावरून हटलेली चालत नाही. सारखी हटत राहिली तर निकालच प्रमाणित होत नाही, कारण बाजूला काही लिहून ठेवलंय की काय, असा संशय येतो. म्हणजे प्रामाणिक पोरगा केवळ आठवण्याच्या सवयीमुळे अडकतो. तिथे कागदावर टिपणं काढायलाही परवानगी नाही. शिवाय लेखनाचा आणि बोलण्याचा एकेक नमुना गुणांबरोबर विद्यापीठाकडे जातो. तुमच्या क्लासच्या चार मुलांनी एकाच विद्यापीठात अर्ज केला आणि चौघांचा परिच्छेद एकाच वाक्याने सुरू झाला, तर प्रवेश समितीतल्या माणसाला काय वाटेल?

आता तुमचा खरा प्रश्न : मूल गप्प का बसतं? माझं निरीक्षण असं की इंग्रजी येत नाही म्हणून ते गप्प बसत नाही. बारावी सायन्स किंवा डिप्लोमा इंग्रजी पुस्तकं वाचून पास झालेलं असतं ते. तयार उत्तराशिवाय तोंड उघडायची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नसते. साचा ही वेळ आणखी पुढे ढकलतो आणि ती नेमकी परीक्षेच्या दिवशी येते.

फोटोचं उदाहरण घेऊ. पडद्यावर चहावाल्याचा फोटो आहे, लिहायला एक मिनिट. साचा पाठ केलेलं मूल लिहितं, 'धिस इमेज डिपिक्ट्स अ मेस्मरायझिंग सीन व्हिच कॅप्चर्स द एसेन्स ऑफ डेली लाइफ.' यात चहा नाही, माणूस नाही, फोटोतलं काहीच नाही, आणि मिनिटातले वीस-पंचवीस सेकंद गेले. पुढे घाईघाईत 'मॅन इज मेक टी.' आधीचं वाक्य राजवाड्यातलं आणि नंतरचं असं, ही तफावत तपासणाऱ्याला लगेच कळते, मग तो माणूस असो की यंत्र. त्याच मुलाला मी म्हणते, जे दिसतंय ते आधी लिही. 'अ मॅन इज पोरिंग टी फ्रॉम अ हाइट. द ग्लास इज ऑलमोस्ट फुल, सो ही हॅज टू स्टॉप सून. टू कस्टमर्स आर वेटिंग, अँड वन ऑफ देम लुक्स इम्पेशंट.' शब्द सगळे दहावीपर्यंतचे. पण 'अ' आणि 'द' जागच्या जागी आहेत, क्रियापदं बरोबर आहेत, आणि पुढे काय होणार याचा अंदाजही आहे. हे लिहायला तुमच्या क्लासमधलं कुठलंही मूल समर्थ आहे, फक्त त्याला तसं कुणीतरी सांगायला हवं.

उत्तराचा सांगाडा द्यायला माझा विरोध नाही, सर. आधी मुद्दा, मग कारण, मग स्वतःच्या आयुष्यातलं एक उदाहरण, हा क्रम जरूर शिकवा. वाक्यं मात्र मुलाची असू द्या. तुम्ही उत्तरं वाटता त्याऐवजी प्रश्न वाटा. रोज एक प्रश्न, तीस सेकंद विचार, दीड मिनिट बोलणं, फोनवर रेकॉर्ड. मग मुलाने ते ऐकून, जे बोललं ते चुकांसकट, शब्दन्‌शब्द वहीत उतरवायचं आणि स्वतःच लाल पेनाने तपासायचं. पहिल्या आठवड्यात लाज वाटते, काही मुलं वही लपवतात. पण चुका त्याच त्याच असतात, हे एकदा डोळ्यांना दिसलं की त्या कमी व्हायला लागतात. 'अ' आणि 'द' गळतात, कारण मराठीत त्यांच्या जागी काही नाही. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' होतं, कारण 'मी पाच वर्षांपासून इथे राहतोय' हे आपल्याला तसंच ऐकू येतं. 'व्हेरी' आणि 'वेल' यांतला व एकच निघतो, कारण आपल्याकडे व एकच आहे. मात्र उच्चार मराठी असला तरी चालतो, समोरच्याला कळलं पाहिजे एवढंच. परदेशी ढब शिकवणाऱ्यांवर पैसे घालवू नका.

ऐकून टाइप करायच्या प्रश्नांत शब्दांच्या शेपट्या गळतात. 'द स्टुडंट्स हॅड ऑलरेडी लेफ्ट' ऐकून मूल 'स्टुडंट ऑलरेडी लेफ्ट' टाइप करतं. अर्थ लागलेला असतो, पण सुरुवातीचा 'द', शेवटचा 'स' आणि मधला 'हॅड' कानावरून निसटतो. यावर उपाय म्हणजे श्रुतलेखन, आपल्या शाळेत बाई घ्यायच्या तसंच. बीबीसी किंवा आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्यांतलं एक-एक वाक्य थांबवून लिहायचं आणि वाक्याचं व्याकरण लावून गळलेलं शोधायचं. 'लेफ्ट'च्या आधी 'ऑलरेडी' आहे, मग इथे काय असू शकेल? मराठी माध्यमाची मुलं व्याकरणाने विचार करण्यात पक्की असतात. ही त्यांची ताकद आहे आणि क्लासमध्ये ती वापरलीच जात नाही.

टायपिंगबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. आपली मुलं फोनवर अंगठ्याने भराभर टाइप करतात आणि लॅपटॉपवर एका बोटाने. पाच मिनिटांच्या लेखनात मिनिटाला बारा शब्दांच्या वेगाने साठ शब्द होतात, तीसच्या वेगाने दीडशे. इंग्रजी तेवढंच, पण गुणांत फरक पडतो. तुमच्या गावात टायपिंग इन्स्टिट्यूट नक्की असेल. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी ही संगणक टायपिंगची इंग्रजी ३० शब्दांची परीक्षा मुलं नोकरीसाठी देतातच. परदेशी जाणाऱ्या मुलालाही तिथे दोन-तीन महिने बसवा. एवढ्या फीमध्ये गुण वाढवणारा दुसरा क्लास मला माहीत नाही.

घराबद्दल तुम्ही म्हणता ते सोळा आणे खरं आहे. परीक्षेच्या वेळी खोलीत दुसरं कुणी नको, दार बंद हवं, इअरफोन चालत नाही, त्यामुळे शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, मांडवातला डीजे सगळं माइकमध्ये जातं. वीज जाते. ड्युओलिंगोला आता दुसरा कॅमेरा म्हणून फोनही लागतो, आणि बऱ्याच घरांत हॉटस्पॉटही त्याच फोनवरून चालतो. अशा घरातल्या मुलाने आयेल्ट्स किंवा टोफेल सेंटरवर जाऊन द्यावी, गाडीभाडं आणि एक रात्र मुक्काम धरूनसुद्धा. माझ्या लेखातही घरची परीक्षा शांत खोली असलेल्यांसाठीच सुचवलेली आहे. ज्याला घरूनच द्यायची आहे त्याच्यासाठी तुम्ही एक करू शकता : रविवारी क्लासची खोली त्याला एकट्याला द्या. टोफेलला घर किंवा बंद ऑफिस चालतं, सायबर कॅफे चालत नाही. फळा पुसून ठेवा, भिंतीवरचे तक्ते काढा, राउटर इन्व्हर्टरवर घ्या आणि दाराबाहेर तुम्ही स्वतः बसा. आधी त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर सराव परीक्षा घ्या. ड्युओलिंगो आणि टोफेल घेणारी ईटीएस संस्था या दोघांकडेही मोफत सराव साहित्य आहे.

फी भरण्याआधी आणखी एक चौकशी करायला सांगा. ज्यांची पदवी इंग्रजीतून झाली आहे, त्यांना काही विद्यापीठं कॉलेजच्या एमओआय पत्रावरही, म्हणजे शिक्षण इंग्रजीतून झाल्याच्या दाखल्यावरही, प्रवेश देतात. इंजिनिअरिंगच्या मुलांना हे बरेचदा माहीत नसतं आणि क्लासवाले सांगत नाहीत. तुम्ही सांगाल याची मला खात्री आहे.

शेवटचा मुद्दा सर्वात तातडीचा. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमच्या एका विद्यार्थिनीने ऑस्ट्रेलियासाठी टोफेलची घरून द्यायची परीक्षा बुक केली आहे, कारण विद्यापीठाने 'चालेल' असं कळवलं. विद्यापीठाचा प्रवेश आणि सरकारचा व्हिसा या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. अमेरिकेत इंग्रजीची परीक्षा कोणती हवी ते विद्यापीठच ठरवतं. ब्रिटनमध्ये पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांसाठी परवानाधारक विद्यापीठ इंग्रजीची खात्री स्वतः करून घेऊ शकतं, त्याखालच्या अभ्यासक्रमांना मात्र सरकारमान्य सेंटरवरची परीक्षाच लागते. ऑस्ट्रेलियाचं गृह खातं व्हिसासाठी घरून दिलेली कुठलीच इंग्रजी परीक्षा धरत नाही. तीच टोफेल सेंटरवर दिली तर चालेल का, तेही गृह खात्याच्या संकेतस्थळावर आधी तपासा. तिला आजच फोन करा आणि परीक्षेची तारीख येण्याआधी बुकिंग सेंटरवर बदलून मिळतं का ते बघायला सांगा. तिच्या खात्यात लॉग-इन करून तपासावं लागेल, आणि उशीर झाला तर पैसे कापले जातात. काही अडलं तर इथेच लिहा, मी रोज रात्री प्रतिक्रिया बघते.