मोरचुदाचे चारशे रुपये

शेतावरच्या मुक्कामाच्या बिलात चौथ्या ओळीत लिहिलं होतं : 'शेती अनुभव, ४००'. दोन रात्रींचं खोलीभाडं कबूल. रोडग्यांचं जेवण कबूल. गरम पाण्याच्या चार बादल्या, त्याही कबूल, बंब पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांवर, तापतो आणि पऱ्हाटी फुकट येत नाही. पण हा चारशेचा अनुभव नेमका कोणी कोणाला दिला, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

नागपूरहून काटोल रोडनं जायचं, मग डांबर सोडून पांधण धरायची. पाऊस उघडून महिना झाला की काळ्या मातीतल्या चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या असतात, गाडीचं पोट घासतं. शेवटी संत्र्याचा बगीचा, मधोमध तीन खोल्या, आणि मोबाईलला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर. जाहिरातीत 'निवांत' हा शब्द तीनदा होता. मालक साठीचे, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, कमरेला कात्री. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही म्हणालो. इथंच चूक झाली असावी. भाऊ म्हटलं की कामं सांगायचा हक्क आपोआप लागू होतो.

पहिल्या सकाळी सहाला मी ओसरीसमोरच्या झाडाशी दात घासत होतो. चूळ भरली, टाकली. मागून आवाज आला.

"साहेब, चूळ कुठं टाकली?"

"इथं. झाडाशी."

"झाडाशी म्हंजे? बुडाशी का आळ्यात?"

चूळ टाकताना एवढा भूगोल पाहायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. "बुडाशी," म्हणालो.

"अरे बाप्पा!" भाऊ झाडाशी उकिडवे बसले आणि ओल्या जागेकडे असे पाहू लागले, जसा काही पंचनामा चाललाय. मग बोट लावून म्हणाले, "पेस्ट कोणती?"

"पुदिन्याची."

"पुदिन्याचं काही नाही. पाण्याचं आहे. संत्र्याच्या बुडाले पाणी लागलं का डिंक्या आलाच समजा."

मी म्हणालो, एवढ्याशा चुळीनं? त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमी किती दिवस राहून राहिले?" दोन, म्हणालो. "दिवसातून किती वेळा घासता?" दोनदा. "मंग चार झाल्या. मांगच्या खोलीत पाच जण आहेत. पाच चोक वीस. आता मांडा हिशेब." मी मांडला नाही. मी टूथब्रश खिशात घातला.

तेवढ्यावर सुटका झाली असती तर हा लेख झाला नसता. त्यांनी मला हाताला धरून चौथ्या झाडापाशी नेलं. खोडावर मधासारखा डिंक ओघळून सुकला होता. चाकूनं साल खरवडली तर खाली निरोगी फिकट रंग नव्हता, तपकिरी पट्टा वर चढलेला. हा डिंक्या, मातीतल्या फायटोप्थोरा नावाच्या बुरशीचा. नागपुरी संत्रा वरूनच नागपुरी असतो. खाली मुळं जंभेरीची किंवा रंगपूर लिंबाची, त्यावर संत्र्याचा डोळा बांधलेला. हा कलमाचा जोड जमिनीपासून निदान वीतभर वर राहायला हवा. लावताना खोल गाडला किंवा डवरणीत, म्हणजे कोळपणीत, माती चढली, की बुरशीला जिना मिळतो. पाणी द्यायचं तेही दुहेरी आळ्यातून : बुंध्याभोवती एक कडं, बाहेर दुसरं, पाणी दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात. बुंधा कोरडा. हे सगळं बरोबर आहे, माझी तक्रार ज्ञानाबद्दल नाहीच. पण सकाळी सहा वाजता, चहाच्या आधी?

"आलेच आहात तर जरा हा दांडा धरा," भाऊ म्हणाले.

दांडा म्हणजे बोर्डो पेस्ट, या बुरशीवरचं औषध, ढवळायची काठी. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत खोडाला हा लेप लावतात. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेटचे निळे खडे), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद बादलीच्या तळाशी टाकून भागत नाही. जड द्रावण खालीच बसतं आणि खडे तसेच राहतात. फडक्यात पुरचुंडी बांधून पाण्याच्या वरच्या अंगाला टांगायची, मग रात्रभरात पाच लिटर पाणी निळंशार होतं. चुना वेगळ्या बादलीत, उरलेल्या पाच लिटरांत भिजवायचा. तो उकळतो, उडतो, म्हणून तोंड लांब ठेवायचं आणि थंड झाला की गाळून घ्यायचा. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतायचे, ढवळत ढवळत.

"तिसरं भांडं आणा," म्हणून सांगितलं आणि मी समोर दिसलं ते लोखंडी घमेलं आणलं.

त्यानंतरची शांतता जाहिरातीतल्या निवांतपणापेक्षा वेगळी होती. माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं. भाऊंनी घमेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मागच्या खोलीतल्या पोट्ट्यांना हाक मारली आणि म्हणाले, "या बे, साहेबानं काय आणलं ते पाहा." पाच जणांचं कुटुंब अंगणात जमलं. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं, भांडंही जातं आणि औषधही, म्हणून प्लास्टिक नाहीतर लाकूड, एवढंच सांगायचं होतं. पण ते त्यांनी पोट्ट्यांना सांगितलं, माझ्याकडे काठीनं बोट दाखवून, फळ्यावर काढलेल्या आकृतीकडे दाखवावं तसं. शेवटी विळा पेस्टमध्ये बुडवून मिनिटभरानं काढला. पात्यावर लालसर तांबूस चढलं तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. पातं कोरं निघालं. "जमलं," भाऊ म्हणाले. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या, विळ्यासाठी.

बनवलेली पेस्ट त्याच दिवशी संपवावी लागते. ती कोणी संपवली ते सांगत नाही. झाडं सहा-सहा मीटरवर असतात, हेक्टरी २७७. माझ्या वाट्याला बावीस आली, हे मी मोजलंय.

झोपेचंही सांगून टाकतो. शेतीच्या फीडरला थ्री फेज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. आमची पाळी रात्रीची होती. लाईन आली की ऑटो स्टार्टर 'खट्' करतो, विहिरीवरची मोटर सुरू होते, आणि विहीर माझ्या उशीपासून पंधरा पावलांवर. अडीच वाजता भाऊंनी दार वाजवून विचारलं, "जागे आहात ना? कॉक बदलायचा आहे, टॉर्च धरता का?" जागा होतो. कोण झोपलं असतं?

एवढं असूनही माणसावर धड रागावता येत नाही, हे जास्त खुपतं. दुसऱ्या दुपारी आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची, फळं काढणं चालू होतं. मी एक संत्रा ओढला आणि देठाशी सालीची टोपी निघून आली. ओढायचा नसतो, देठ फळाशी कापायचा असतो, टोपी निघालेलं फळ तिथूनच सडतं आणि क्रेटमधल्या शेजाऱ्यांनाही घेऊन जातं. भाऊंनी ते फळ माझ्या हातून घेतलं, सोललं, अर्धं मला दिलं. हिरवट होतं, पण गोड. रात्री थंड झाल्याशिवाय रंग चढत नाही, पण गिऱ्हाईक रंग पाहून भाव करतं. व्यापारी बगीचा उक्ता मागतो, फळगळ झाली की बोललेला भाव पाडतो, बांगलादेशानं आयातशुल्क वाढवलं की आणखी पाडतो. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं चित्र खोलीच्या दारावर चिकटवलंय. "मानांकनानं भाव नाही वाढला," भाऊ म्हणाले, "म्हणून खोल्या बांधल्या." मी अर्धा संत्रा खाल्ला आणि गप्प बसलो.

पण म्हणून चारशे? मजुराला तुम्ही रोज देता ना? मग मी रोज भरून मजुरी का करावी? हे सगळं मी बिलावर बोट ठेवून विचारलं. भाऊंनी चष्मा लावला, ओळ वाचली आणि म्हणाले, "मजूर घमेलं नाही आणत, साहेब."

दिले चारशे. पँटवरचे निळे डाग दोन धुण्यांत गेले नाहीत. परवा भाऊंचा फोन आला, बहुतेक विहिरीच्या कठड्यावरून. पावसाळ्याआधीचा हात मे महिन्यात मारायचा आहे, येता का म्हणाले. जुन्या गिऱ्हाइकाले साडेतीनशे.