मोडलेल्या बँडचा नवा चाहता

नवा अल्बम आवडला तर माणूस दोन-चार जणांना सांगतो, आठवडाभर गुणगुणतो आणि पुढच्या कामाला लागतो. जुना अल्बम नव्यानं सापडला की मात्र पंचाईत. आपण हरखून जाऊन 'कोण बुवा हे लोक' म्हणून शोधायला जावं, तर पहिल्याच ओळीत कळतं की बँड 1991 सालीच मोडलाय. बारसं आणि सुतक एकाच दिवशी. पेढे वाटावेत की अंघोळ करावी हे ठरेपर्यंत पुढचं गाणं सुरू झालेलं असतं.

मला हा नाद लागला तो पंचेचाळिशी उलटल्यावर. माझ्या वयाचे लोक या सुमाराला ट्रेकला जायला लागतात, ज्वारीची भाकरी खायला लागतात, नाहीतर शेअर बाजारात पडतात. मी इंडीत पडलो. इंडी म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या वाटेला न जाता छोट्या लेबलांवर (म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपन्यांकडून), कमी पैशांत आणि बरेचदा कमी सुरात काढलेले अल्बम. त्यातही मला सापडतात ते सगळे ऐंशी-नव्वदच्या दशकांतले, म्हणजे मी पुण्यात धडधाकट आणि दोन्ही कान शाबूत असताना निघालेले. तेव्हा कोणी अवाक्षर काढलं नाही. मुंबईला गेलो की मी काळा घोड्याला 'ऱ्हिदम हाउस'मध्ये जायचो, तिथल्या बूथमध्ये उभं राहून भरपूर गाणी फुकट ऐकायचो आणि लाजेकाजेस्तव एक कॅसेट घेऊन बाहेर पडायचो. ते दुकानही 2016 साली बंद झालं. म्हणजे जाब विचारायला तिथंही कोणी उरलेलं नाही.

पहिला बँड मी स्वतः शोधला असं सांगायला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी भांडी लावत होतो, चालू होता तो अल्बम संपला आणि फोननं आपल्या मनानंच पुढचं गाणं लावलं. 'गॅलक्सी 500' या बँडचं 'स्ट्रेंज', 1989च्या 'ऑन फायर' अल्बममधलं. हार्वर्डमध्ये शिकलेल्या तिघांचा हा बँड. गाणारा डीन वेअरहॅम असा कातर, उंच आवाज लावतो की आता फुटेल, मग फुटेल, असं वाटत राहतं आणि शेवटी तो फुटतोच. गाण्यात घडतं काय, तर नायक एकटाच दुकानात जातो, कोक उचलतो आणि रांगेत उभा राहून ट्विंकी नावाचा केक खातो. रविवारी संध्याकाळी डी-मार्टच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणाच्याही काळजाला हे भिडेल. माझ्या भिडलं. हातातली कढई तशीच हातात राहिली.

मग रात्री शोधाशोध. बँडचा ड्रमर डेमन क्रुकॉव्स्की यानंच लिहून ठेवलंय की 'स्ट्रेंज' हे कधी सिंगल, म्हणजे सुटं गाणं, म्हणून काढलेलंही नव्हतं, तरी स्पॉटिफायवर तेच त्यांचं सगळ्यात लोकप्रिय गाणं होऊन बसलं. 2017च्या सुरुवातीला आपोआप पुढचं गाणं लागायची सोय सगळ्यांना न विचारता चालू झाली, तेव्हापासूनची ही भरभराट. कारण काय, तर त्यांच्या बाकीच्या गाण्यांपेक्षा हे गाणं इतर बँडच्या गाण्यांसारखं जास्त वाजतं. म्हणजे लाखात एक म्हणून ज्याला मी उराशी धरलं, ते चारचौघांसारखं असल्यामुळेच माझ्यापर्यंत पोचलं होतं! पुढं वाचलं तर 1991मध्ये बँड मोडला, त्यांचं लेबल दिवाळखोरीत निघालं आणि आपल्याच गाण्यांच्या मूळ टेपा या मंडळींना लिलावात बोली लावून सोडवून आणाव्या लागल्या. मला रात्रभर झोप नाही.

दुःख ताजं होतं, पण ते सांगणार कोणाला? ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना मोठ्या आशेनं म्हटलं, "काल रात्री गॅलक्सी 500 सापडला हो. काय आहे! वेड लागायचं बाकी राहिलंय." ते म्हणाले, "केवढ्याला पडला? कॅमेरा कसा आहे?"

भाच्याला सांगितलं. तो इंजिनिअरिंगला आहे, कानात कायम काहीतरी खुपसलेलं असतं. तो म्हणाला, "मामा, तू हे आत्ता ऐकलंस?" हा 'आत्ता' फार लागला. मग त्यानं मोठ्या मनानं मला 'डस्टर' नावाच्या बँडचा 'स्ट्रॅटोस्फिअर' ऐकवला. सॅन होजेची पोरं, अल्बम 1998चा, पुढं काही वर्षांत सगळं थंड. 2018मध्ये ते पुन्हा एकत्र आले आणि नंतर छोट्या छोट्या व्हिडिओंच्या मागे त्यांची गाणी अशी काही पसरली की विशीतली मुलं त्यांना आपल्याच पिढीचा बँड समजतात. 1998 साली मी वीस वर्षांचा होतो. भाचा तेव्हा नव्हताच. तरी अल्बम त्याला जुना आणि मला नवा!

त्यानंच मग ऐकायच्या अल्बमांचा गृहपाठ दिला. सोबत ताकीद, की एकदा ऐकून मत द्यायचं नाही, पाच-सहा वेळा ऐकल्यावर उलगडतात. आता आमचं घर दोन खोल्या आणि हॉल एवढं, त्यात बायको, मी आणि आई. आईच्या कानावर नाट्यसंगीताचे संस्कार. हेडफोन लावावेत, तर दाराची बेल आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, आणि त्यानंतर जे ऐकावं लागतं ते कुठल्याही लेबलवर निघालेलं नाही. त्यामुळे अल्बम उलगडायचा तो सगळ्यांच्या डोक्यावरच.

गृहपाठात पहिला 'न्यूट्रल मिल्क हॉटेल' यांचा 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी'. फेब्रुवारी 1998. बँडचं नाव ऐकून आईनं विचारलं, "दूध चितळ्यांचंच का?" ॲन फ्रँकची डायरी वाचून हादरून गेलेल्या जेफ मँगमनं ही गाणी लिहिली. तो गातो ते अक्षरशः गळा काढून, आणि मागे ट्रम्पेट, अकॉर्डियन यांच्या जोडीला करवत आहे. हो, करवतच. सुताराकडे असते तसली, ती गजानं वाजवतात आणि तिच्यातून भूत हुंदके देतंय असा आवाज निघतो. नेमकं त्याच दिवसांत आमच्या वरच्या मजल्यावर मॉड्युलर किचनचं काम चाललं होतं. आईनं बराच वेळ सहन केलं आणि मग काठी घेऊन तडक वर निघाली, दुपारच्या झोपेच्या वेळी तरी काम बंद ठेवा म्हणून सांगायला. तिला जिन्यात गाठून सांगावं लागलं की सुतार मघाशीच जेवायला गेलेत, हा आपल्याच घरातला अल्बम आहे. "मग कळ तरी येतेय का त्याला कुठं?" असं म्हणून ती परत आली.

अल्बमचा बोलबाला होत गेला तसा हा मँगम गप्प होत गेला. पुढं कित्येक वर्षं बँड मंचावर फिरकला नाही. 2013मध्ये सगळे परत आले, गावोगाव वाजवलं आणि 2015 साली पुन्हा थांबले. खऱ्या चाहत्यांनी या सगळ्यात पंधरा-सोळा वर्षं जीव टांगणीला लावला. मी तेवढीच काळजी, तेवढाच आनंद आणि परत तेवढीच काळजी पोळ्या होईपर्यंत उरकली आणि डोळे पुसत जेवायला बसलो. बायकोनं विचारलं, "कांदा लागला का?"

'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'च्या 'लव्हलेस'नं तर खर्चात पाडलं. 1991चा अल्बम. दोन वर्षं आणि 19 स्टुडिओ लागले होते करायला. बँडचा गिटारवाला केव्हिन शिल्ड्स गिटारच्या तारा सैल-ताठ करणारी दांडी हातात धरूनच त्या छेडतो, त्यामुळे सगळे सूर उन्हात ठेवलेल्या कॅसेटसारखे लवतात. गाणारे दोघं कुठंतरी तळाशी, काय म्हणतायत ते त्यांनाच माहीत. या अल्बमपायी लेबल बुडायला आलं होतं असं म्हणतात. नक्की किती पैसे गेले, यावर शिल्ड्स आणि लेबलवाले यांचं कधीच जमलं नाही. मला हे सगळं सुरेख वाटत होतं. एकदा ऑफिसातून आलो तर स्पीकर जागेवर नाही. बायकोनं कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे दिला होता. 'फार घरघर करतोय, बहुतेक कॉइल गेली असेल,' असं तिचं निदान. आणायला मीच गेलो. दुरुस्तीवाल्यानं स्पीकर खोलला होता, पुसला होता, परत जोडला होता. माझ्यादेखत त्यानं स्वतःच्या फोनवरचं एक लावणीचं रेकॉर्डिंग लावून दाखवलं, ढोलकी खणखणीत. मग म्हणाला, "तुमचं लावा." मी लावलं. त्यानं डोळे मिटून अर्धं गाणं ऐकलं, हे त्याच्या धंद्याला शोभेसंच होतं, आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, स्पीकरला काही झालेलं नाही. जे काय झालंय ते यांना झालंय." तपासणीचे पैसे मात्र घेतलेच.

'स्लिंट'चा 'स्पायडरलँड' रात्रीच ऐकायचा, असं भाच्यानं बजावलं होतं. लुईव्हिलची विशीच्या आसपासची चार पोरं, सहा गाणी, 1991. अल्बम दुकानात येईपर्यंत बँड मोडलेलाही होता. इतकी तत्परता मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. मुखपृष्ठावर चौघं दगडखाणीच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडून हसतायत. फोटो विल ओल्डहॅमनं काढलेला, तोही पुढं नावारूपाला आलेला गायक. ते चित्र बघून आई म्हणाली, "खाणीच्या पाण्याचा अंदाज येत नाही. बरोबर मोठं कोणी आहे का?" या अल्बममध्ये गाणं कमी, पुटपुटणं जास्त. सगळे झोपल्यावर मी हॉलमध्ये लावला. ऐकू येईना म्हणून आवाज वाढवला. तरी येईना म्हणून आणखी वाढवला. जाणकारांना पुढचं ठाऊक आहे. शेवटच्या गाण्याच्या शेवटी तो पुटपुटणारा मुलगा एकाएकी जिवाच्या आकांतानं ओरडायला लागतो. समोरच्या फ्लॅटमधले काका बनियनवर, हातात टॉर्च घेऊन दारात हजर. "वहिनी बऱ्या आहेत ना?" त्यांनी विचारलं. 'वहिनी' आत उठून बसल्या होत्या आणि मुळीच बऱ्या नव्हत्या.

त्यानंतर मी सौम्य माल शोधायला लागलो, तेव्हा 'यंग मार्बल जायंट्स' सापडले. कार्डिफचा बँड, 1980चा 'कलॉसल यूथ'. मोक्सम आडनावाचे दोन भाऊ, एक गिटार आणि ऑर्गनवर, एक बेसवर, आणि ॲलिसन स्टॅटन ही मुलगी गाणारी. ड्रमर नाहीच. त्याऐवजी नात्यातल्या एका भावानं घरी बनवलेलं टकटक करणारं यंत्र. आवाज इतका बेताचा की शेजाऱ्यांच्या घरात कोणी सुपारी कातरली तरी ऐकू येईल. गुरुवारी दुपारी आई वाती वळत बसली होती तेव्हा हळूच लावला. एक गाणं झालं, दुसरं झालं, ती काही बोलली नाही. वाती वळताना मान हलत होती, हे मी स्वतः पाहिलं. अल्बम संपल्यावर म्हणाली, "ही बरी आहे. उगाच ओरडत नाही. पेटीची साथही नेमकी. हिचं दुसरं काही लाव."

मी म्हटलं, "दुसरं नाहीये. यांनी एवढा एकच अल्बम काढला."

"का? लग्न झालं का तिचं?"

"नाही गं. बँडच मोडला."

"ते दोघं सख्खे भाऊ, असं म्हणालास ना मघाशी?"

"हो."

"मग जमिनीवरून झालं असेल," आई म्हणाली आणि तिनं पुढची वात वळायला घेतली.